‘डिस्प्ले गेलाय’ म्हणजे नेमकं काय गेलंय?

जुलैत चिपळूणहून मावशीचा फोन आला. “अरे, माझ्या लॅपटॉपला तो डेड पिक्सेल झालाय. शेजारचा मुलगा बघून गेला. म्हणाला, अख्खा डिस्प्ले बदलावा लागेल.” मी विचारलं, ठिपका नेमका कुठे दिसतोय? “काल उजवीकडे वर होता. आज जरा खाली आलाय.”

पिक्सेल म्हणजे पडद्याचाच एक ठिपका, तो चालत नाही. चालतं ते चिलट. पावसाळ्यात उजेडाच्या ओढीने येणारे अगदी बारीक किडे पडद्याच्या कडेच्या फटीतून आत शिरतात आणि पडद्याच्या थरांमध्ये फिरत राहतात. बाहेरून बोटाने दाबलं की बिचारं तिथेच चिरडतं, आणि मग मात्र तो ठिपका खरोखरच कायमचा होतो. मावशीला सांगितलं, हात लावू नकोस. रात्री लॅपटॉप बंद करून शेजारी टेबललॅम्प चालू ठेव. तिसऱ्या दिवशी पाहुणा गेला होता. उपाय लागू पडेलच असं नाही, पण फुकट आहे.

शेजारच्या मुलाला मी दोष देणार नाही. पडद्यावर काहीही बिनसलं, ठिपका असो, रेघ असो, अंधार असो, आपण सगळ्याला एकच नाव देतो: डिस्प्ले गेलाय. हे ‘अंगात कसकस आहे’ म्हणण्यासारखं झालं. त्यावरून थेट ऑपरेशनची तारीख कुणी ठरवत नाही.

## स्वयंपाकघर, वाढपी आणि ताट

एखाद्या खानावळीत आमटी खारट लागली तर आपण ताट बदलून मागत नाही. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र नेमकं तेच करतो.

पडद्यावर दिसणारं चित्र पडद्यात तयार होत नाही. ते तयार होतं खाली, कीबोर्डच्या पोटात असलेल्या मदरबोर्डवर, ग्राफिक्स चिपमध्ये. त्या चिपला काम सांगणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. हे झालं स्वयंपाकघर. तिथून चित्र एका पातळ केबलमधून बिजागरीतून वळसा घेत वर जातं. हा वाढपी. आणि शेवटी ते पॅनेलवर, म्हणजे प्रत्यक्ष दिसणाऱ्या काचेवर पोहोचतं. ते ताट.

बिघाड या तिघांपैकी कुणाकडेही असू शकतो आणि तिघांचा खर्च सारखा नाही. ड्रायव्हर दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. केबल तुलनेने स्वस्तात बदलून मिळते. पॅनेल महाग. मदरबोर्ड त्याहून डोकेदुखी. म्हणून दुकानाची पायरी चढण्याआधी आपला आजारी कोण, एवढं तरी घरच्या घरी कळलेलं बरं. बहुतेक वेळा ते दहा मिनिटांत कळतं.

## ताटात नेमकं असतं काय?

साध्या फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. गुणाकार करा: २० लाख ७३ हजार ६००. प्रत्येक पिक्सेलचे पुन्हा तीन भाग असतात, लाल, हिरवा आणि निळा. म्हणजे एकूण ६२ लाख २० हजार ८०० बारीक खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीला स्वतःचा एक ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेवर चालणारं बटण. पडद्यावर पांढरं पान उघडून त्यावर साधं भिंग धरलं की हे तीन रंग वेगवेगळे दिसतात. लहान मुलांना दाखवा, त्यांना पांढऱ्या रंगात पांढरं काहीच नाही हे बघून फार मजा वाटते.

या खिडक्यांना स्वतःचा उजेड नसतो. उजेड मागून येतो. पडद्याच्या कडेला, बहुधा खालच्या बाजूला, एलईडीची एक पट्टी असते आणि तिचा प्रकाश पॅनेलभर पसरवलेला असतो. याला बॅकलाइट म्हणतात. खिडकीने फक्त तो किती सोडायचा आणि किती अडवायचा एवढंच ठरवायचं.

ते कसं ठरतं, हे समजायला एक फूटपट्टी घ्या. उभ्या गजांच्या खिडकीतून ती आरपार घालायची तर उभीच धरावी लागेल. त्यामागे आडव्या गजांची दुसरी खिडकी असेल तर पट्टी अडणार. मात्र दोन खिडक्यांच्या मध्ये कुणीतरी उभं राहून पट्टी हलकेच आडवी करून दिली, तर ती निघून जाईल. पॅनेलमध्ये असे ‘गज’ असलेल्या दोन फिल्म असतात आणि मध्ये उभा राहून प्रकाश वळवणारा तो कुणीतरी म्हणजे द्रव स्फटिक, एलसीडी या नावातला ‘एलसी’. वीज दिली की तो आपली वळवण्याची पद्धत बदलतो. पोलराइज्ड गॉगल असेल तर चालू लॅपटॉपसमोर धरून हळूहळू फिरवा, एका कोनात पडदा काळाठिक्कर होईल. तो गॉगल म्हणजे तिसरी खिडकी.

या द्रव स्फटिकाचा शोध पडद्यासाठी लागलेला नाही. १८८८ साली प्रागमध्ये फ्रीडरिश रायनित्झर हा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलवर काम करत होता. त्याचा एक पदार्थ १४५.५ अंश सेल्सिअसला वितळून गढूळ झाला आणि १७८.५ अंशांना पुन्हा एकदा ‘वितळून’ स्वच्छ झाला. एकाच पदार्थाला दोन वितळणबिंदू! मधली ती गढूळ अवस्था म्हणजे आज आपण ज्याच्याकडे दिवसभर टक लावून बसतो ती.

महागड्या लॅपटॉपमध्ये आता ओलेड पडदेही येतात. त्यात बॅकलाइट नसतो, प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो. त्यांचा आजार वेगळा: एकच चित्र तासन्‌तास, महिनोन्‌महिने राहिलं तर ते ठिपके झिजून तिथे त्याची पुसट सावली कायमची उमटते. खाली जे लिहिलंय ते मुख्यतः एलसीडीबद्दल.

## पातेल्यात डोकावणं

पहिली चाचणी स्क्रीनशॉटची. पडद्यावर रेघ किंवा रंगाची गडबड दिसत असताना स्क्रीनशॉट काढा, स्वतःच्या मोबाइलवर पाठवा आणि तिथे बघा. स्क्रीनशॉट स्वयंपाकघरातच काढला जातो, केबल आणि पॅनेलपर्यंत तो जातच नाही. त्यामुळे मोबाइलवरही रेघ दिसली तर आमटी पातेल्यातच खारट आहे, पडदा निर्दोष. मोबाइलवर चित्र स्वच्छ असेल तर संशय पुढच्या दोघांवर.

इथे एक फसगत होते. “पडदा अचानक पिवळट झालाय आणि स्क्रीनशॉटमध्ये तर सगळं ठीक आहे, म्हणजे पॅनेल गेलं!” असं माझ्याकडे दोघातिघांनी घाबरून सांगितलंय. विंडोजमधला ‘नाइट लाइट’ चालू असतो. रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून तो निळा रंग कमी करतो, आणि हा बदल स्क्रीनशॉटमध्ये उतरत नाही. सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, पडदा जागच्या जागी बरा होतो.

दुसरी चाचणी म्हणजे दुसरं ताट. एचडीएमआय केबलने लॅपटॉप घरच्या टीव्हीला जोडा. विंडोजचं बटण आणि पी एकदम दाबलं की चित्र कुठे दाखवायचं ते निवडता येतं. टीव्हीवरही तोच गोंधळ दिसला तर ग्राफिक्स चिप किंवा ड्रायव्हर. टीव्हीवर लख्ख आणि लॅपटॉपवर गोंधळ असेल तर केबल किंवा पॅनेल. स्क्रीनशॉटपेक्षा ही चाचणी जास्त भरवशाची, कारण इथे चित्र प्रत्यक्ष बाहेर पडतं.

तिसरी, बायोस. लॅपटॉप चालू करताना एफ२, डिलीट किंवा कंपनीने ठरवलेलं बटण दाबत राहिलं की विंडोज सुरू होण्याआधीचा सेटिंगचा पडदा येतो. तिथे विंडोज नाही, विंडोजचा ड्रायव्हर नाही. तिथेही रेघ दिसली तर ड्रायव्हरची सुटका. आत काही बदलू मात्र नका, बघा आणि बाहेर पडा. डेलच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये तर बंद असताना डी दाबून धरून चालू केलं की पडदा स्वतःच एकामागून एक पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा होऊन दाखवतो.

## वाढप्याचा पाय मुरगळतो तो बिजागरीत

झाकण हळूहळू पुढेमागे करा. विशिष्ट कोनात चित्र जातं, दुसऱ्या कोनात परत येतं, मध्येच रंग गुलाबी किंवा हिरवे होतात? मग केबलकडे बोट दाखवायला हरकत नाही. बिजागरीतून वळून जाणारी ही केबल लॅपटॉप उघडताना-मिटताना दरवेळी थोडी वाकते. तिच्यातल्या तारा केसासारख्या. वर्षानुवर्षं वाकून एखादी तुटते, किंवा टोकाचा कनेक्टर सैल होतो. दुकानात तिला कुणी डिस्प्ले केबल म्हणतं, कुणी जुन्या सवयीने एलव्हीडीएस केबल.

मोठ्या कंपन्यांचाही इथे अंदाज चुकतो. ॲपलच्या २०१६ च्या १३ इंची मॅकबुक प्रोमध्ये ही केबल इतकी तोकडी होती की झाकण उघडताना ती घासली आणि ताणली जायची. पडद्याच्या खालच्या कडेला नाटकाच्या रंगमंचावर खालून दिवे सोडावेत तसे उजेडाचे पट्टे दिसायचे. मे २०१९ मध्ये कंपनीने ठरावीक लॅपटॉपसाठी मोफत दुरुस्ती जाहीर केली. त्याआधीच, २०१८ च्या मॉडेलमध्ये केबल लांब केलेली दिसली होती. किती लांब? सुमारे २ मिलिमीटर.

एका हाताने, एकाच कोपऱ्याला धरून झाकण उघडायची सवय असेल तर ती सोडा. मधोमध धरा. सांगायला किरकोळ वाटतं, पण एका बाजूची बिजागरी पिळवटली की केबल आणि काच दोन्ही ताणात येतात.

## रेघ पडली तर?

एकच, केसाइतकी बारीक, वरपासून खालपर्यंत सरळ रेघ. झाकण हलवलं तरी हलत नाही, टीव्हीवर दिसत नाही. अशी रेघ बहुतेक वेळा पॅनेलचीच असते. पॅनेलच्या कडेला बारीक चिपा असतात, त्यातल्या एकेका टोकातून पिक्सेलच्या एकेका उभ्या रांगेला हुकूम जातो. ते टोक काचेवर चिकटवलेलं असतं. चिकटलेलं सुटलं की ती अख्खी रांग बेवारस होते. कडेची फ्रेम दाबली की रेघ जाते आणि हात काढला की परत येते, हा प्रकार त्यामुळेच. कुणी आत कागदाची घडी सारून ‘रिपेअर’ करून देतं. चालतं थोडे दिवस. त्या कामाला पूर्ण मजुरी देऊ नका एवढंच म्हणेन.

शाईचा डाग पसरावा तशी काळी-जांभळी नक्षी आणि तिच्यातून फुटलेल्या रेघा दिसल्या तर काच आतून तडकलेली आहे. वरचा पृष्ठभाग अखंड लागतो म्हणून लोक मानायला तयार नसतात. कारण बहुधा कीबोर्डवर राहिलेलं पेन, इअरफोन किंवा कॅमेऱ्यावर चिकटवलेलं झाकण. शेवटचं तर इतकं वाढलं की जुलै २०२० मध्ये ॲपलने सूचना काढली: कॅमेऱ्यावर झाकण लावून मॅकबुक मिटू नका, लावायचंच तर ०.१ मिलिमीटरपेक्षा जाड नको. म्हणजे प्रिंटरचा साधा कागद. चिंता असेल तर तोच कागद बरा.

## ठिपका चोळल्याने बरा होतो म्हणतात, खरं का?

आधी ठिपका ओळखू. पडदा पूर्ण काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असा आळीपाळीने करा. साध्या एकरंगी चित्रांवर जमतं, वेगळं ॲप लागत नाही. त्याआधी मऊ, किंचित ओलसर कापडाने पडदा पुसून घ्या. मी स्वतः एकदा वाळलेल्या चहाच्या थेंबाला अर्धा तास डेड पिक्सेल समजत होतो.

काळ्या पार्श्वभूमीवर लाल, हिरवा किंवा निळा ठिपका चमकत असेल तर एक खिडकी उघडी अडकली आहे. याला स्टक पिक्सेल म्हणतात. पांढऱ्यावर काळा ठिपका आणि कुठल्याच रंगात तो उजळत नसेल तर तो डेड पिक्सेल, खिडकीपर्यंत वीजच पोहोचत नाही. (ही ओळख हल्लीच्या आयपीएस नावाच्या प्रकारातल्या पॅनेलची, ज्यात वीज नसली की खिडकी बंद असते. जुन्या स्वस्त टीएन पॅनेलमध्ये उलट: वीज नसली की खिडकी उघडी, त्यामुळे मेलेला पिक्सेलही पांढरा चमकू शकतो.)

अडकलेल्या खिडकीवर एक उपाय करून बघण्यासारखा आहे. त्या जागी रंग भराभर बदलत ठेवणारे व्हिडिओ आणि छोटे प्रोग्राम मिळतात. काही तास चालू ठेवले की कधीकधी खिडकी सुटते. कधीकधी. ज्यांना झगमगत्या उजेडाने फिट येण्याचा त्रास आहे त्यांनी यापासून लांब राहावं. डेड पिक्सेलला याचा उपयोग नाही, कारण तिथे बटणच गेलेलं आहे.

आणि चोळणं? पेन्सिलीच्या मागच्या रबराने दाबा, कापडात बोट गुंडाळून घासा, असे सल्ले फिरत असतात. काहींचा ठिपका गेला असेलही. पण दाब फक्त त्या एका पिक्सेलवर पडत नाही, आजूबाजूच्या शेकडोंवर पडतो, आणि एका ठिपक्याऐवजी बोटाएवढा पांढुरका डाग घरात येतो. मी दाबत नाही, दुसऱ्यालाही दाबू देत नाही.

## एक ठिपका आहे, वॉरंटी आहे, तरी बदलून का देत नाहीत?

सर्वांत जास्त चिडचिड इथे होते. ६२ लाख खिडक्या म्हणजे किती? तांदळाच्या हजार दाण्यांचं वजन २० ग्रॅम धरलं तर सव्वा क्विंटल तांदूळ. त्यात एक खडा निघाला म्हणून अख्खं पोतं परत करायचं का, हा कारखान्यांचा युक्तिवाद. म्हणूनच मोजमापाचे आंतरराष्ट्रीय नियम झाले. २००१ च्या आयएसओ १३४०६-२ या मानकात पडद्यांचे वर्ग पाडले होते. त्यातल्या दुसऱ्या वर्गाला दर १० लाख पिक्सेलमागे कायम उजळलेले २, कायम काळे २ आणि एखादाच रंग अडकलेले ५ असे दोष माफ होते. फुल एचडी पडद्याला हा हिशेब साधारण दुप्पट करा. २००८ मध्ये त्याची जागा आयएसओ ९२४१-३०७ ने घेतली.

युक्तिवाद मला कारखान्यापुरता पटतो, ग्राहकापुरता पूर्ण नाही. खडा पोत्यात कुठेतरी असणं वेगळं आणि रोज पहिल्या घासाला लागणं वेगळं. पडद्याच्या मधोमध एक हिरवा ठिपका असेल तर वाक्य वाचताना नजर तिथेच अडखळते. त्यामुळे नवा लॅपटॉप आला की पहिल्याच दिवशी, परत करायची मुदत चालू असताना, पाच रंगांची चाचणी करा. त्या मुदतीत ‘बदलून द्या’ म्हणणं सोपं असतं. नंतर गाठ पडते ती वॉरंटीच्या बारीक अक्षरांशी, आणि किती ठिपके झाले की पॅनेल बदलायचं हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. ते लेखी मागा. दाद लागत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

## पडदा लुकलुकतो किंवा काळाच राहतो

लुकलुकताना टास्क मॅनेजर उघडा (कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम). सगळं लुकलुकतंय आणि टास्क मॅनेजर शांत आहे, तर एखादा प्रोग्राम खोड्या काढतोय. टास्क मॅनेजरही लुकलुकत असेल तर ड्रायव्हरकडे बघा. हा फरक मायक्रोसॉफ्टनेच सांगितलेला आहे. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबली तर ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. क्षणभर पडदा काळा होतो, दचकू नका. चार्जर काढल्यावर पांढरं पान उघडलं की उजेड आपोआप कमीजास्त होतो, तो बहुधा बिघाड नसून बॅटरी वाचवायची सोय असते. सेटिंगमध्ये बंद करता येते.

पंखा ऐकू येतो, दिवा पेटतो, पण पडदा काळा? खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका मारा. आत अंधूक खिडक्या, चिन्हं दिसली तर चित्र आहे, फक्त मागचा दिवा गेलाय. काहीच दिसलं नाही तर लॅपटॉप बंद करून चार्जर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग पुन्हा चालू करा. आणि हसू नका, पण मनगटावर चुंबकाचं ब्रेसलेट आहे का तेही बघा. झाकण मिटलंय हे लॅपटॉपला चुंबकावरून कळतं. कीबोर्डशेजारी चुंबकवालं मोबाइल कव्हर ठेवलं तरी काही लॅपटॉप झोपी जातात.

## पॅनेलच बदलायचं ठरलं तर

मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा किंवा गावातल्या दुकानात, एक गोष्ट स्वतः विचारा: जुन्या पॅनेलच्या पाठीवरचा नंबर. त्यात बहुधा १५६ किंवा १४० असे आकडे असतात, म्हणजे १५.६ इंच किंवा १४ इंच. कनेक्टर ३० पिनचा की ४० पिनचा तेही बघून घ्या, एकाचं दुसऱ्याला बसत नाही. खरी मेख पुढे आहे. आधी आयपीएस पॅनेल असेल आणि त्याजागी टीएन बसवलं, तर समोरून बघताना फरक चटकन कळत नाही. पैसे देण्याआधी झाकण मागे झुकवून खालच्या बाजूने बघा. चेहरे निगेटिव्हसारखे दिसले तर टीएन. पाच रंगांची चाचणीही काउंटरवरच करा. चांगला दुकानदार रागवत नाही, उलट खुर्ची देतो.

लॅपटॉप सात-आठ वर्षांचा असेल तर मी पॅनेलवर पैसे घालणार नाही. माझ्या भाचीचा असाच एक पडदा फुटलेला लॅपटॉप गेली दोन वर्षं टीव्हीच्या मागे एचडीएमआयने जोडलेला आहे. झाकण मिटलेलं, वर क्रोशाचा रुमाल. त्यावर तिची बारावी झाली.